जुगाड आणि उपज

लष्करात 'जुगाड' हा शब्द फार लाडका आहे. डोंगरात गाडीचा फॅनबेल्ट तुटला आणि ड्रायव्हरने दोरी वळून गाडी कशीबशी युनिटपर्यंत आणली, की त्याची गोष्ट मेसमध्ये वर्षभर सांगितली जाते. मीही अशा गोष्टी चवीने सांगतो. पण गेली काही वर्षं एक गोष्ट मला खटकते आहे. प्रशिक्षणात आपण तरुण अधिकाऱ्यांना सांगतो, 'परिस्थिती बदलली तर इम्प्रोव्हाइज करा', आणि ते त्याचा अर्थ लावतात, 'जुगाड करा'. सेवेत वीसेक वर्षं काढल्यावर माझं मत असं झालं आहे की या दोन गोष्टींची तोंडं विरुद्ध दिशांना आहेत. तयारी कमी पडली की जुगाड करावा लागतो. तयारी गरजेपेक्षा कितीतरी जास्त झालेली असली की इम्प्रोव्हायझेशन सुचतं. आपल्या संगीतात त्याला नेमका शब्द आहे: उपज.

हा फरक मला कुठल्याही लष्करी पुस्तिकेतून कळला नाही. तो कळला जॉन मॅकलॉफलिन या इंग्रज गिटारवादकाला ऐकून.

सध्या पोस्टिंग दिल्लीत आहे. इथे शस्त्रापेक्षा फाइल जड. कॅन्टोन्मेंटमधून सेना भवनाकडे जाताना धौला कुआँच्या कोंडीत रोज अडकायला होतं, आणि तेवढ्या वेळात गाडीत मॅकलॉफलिनच्या 'शक्ती' या बँडची पहिली रेकॉर्ड लागते. तिच्यातली 'जॉय' ही पहिली रचना सुमारे अठरा मिनिटांची आहे. वाईट दिवशी ती संपते तरी मी धौला कुआँलाच असतो. आजूबाजूला दिल्ली आपल्या पद्धतीने जुगाड करत असते. कोणी फुटपाथवरून स्कूटर काढतो, कोणी उलट्या बाजूने घुसतो, आणि सगळे मिळून आणखी घट्ट अडकतात. गाडीच्या आत मात्र पाच माणसं एकाच वेळी, भयंकर वेगात, आयत्या वेळी सुचलेलं वाजवत असतात आणि कोणीही कोणाला धडकत नाही. हे कसं जमतं, याचा विचार करायला दिल्लीच्या रस्त्याइतकी चांगली जागा नाही.

ज्यांनी हे नाव ऐकलं नसेल त्यांच्यासाठी थोडी ओळख. जन्म ४ जानेवारी १९४२, इंग्लंडमधल्या यॉर्कशायर भागातलं डॉनकॅस्टर. आई व्हायोलिन वाजवायची. अकराव्या वर्षी मुलाच्या हातात गिटार आली. १९६९ मध्ये तो न्यूयॉर्कला गेला आणि माइल्स डेव्हिसच्या 'इन अ सायलेंट वे' आणि 'बिचेस ब्रू' या रेकॉर्डांवर वाजवला. जॅझ आणि रॉक यांची सरमिसळ इथून रुळली असं मानतात. १९७१ मध्ये त्याने 'महाविष्णू ऑर्केस्ट्रा' काढला. त्यानंतर काही वर्षांतच कर्कश्श विजेची गिटार बाजूला ठेवून तो साधी गिटार घेऊन मांडी घालून बसला. बाजूला व्हायोलिनवर एल. शंकर, तबल्यावर झाकीर हुसेन, घटमवर टी. एच. विनायकराम. ही शक्ती. १९८० मध्ये स्पेनच्या पाको दे लुसियाबरोबर फ्लेमेन्कोच्या अंगाने वाजवलं. १९९० मध्ये लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राबरोबरचा त्याचा कन्सर्टो रेकॉर्डवर आला. फेब्रुवारी २०२४ मध्ये शक्तीच्या 'धिस मोमेंट' या रेकॉर्डला ग्रॅमी मिळालं, तेव्हा त्याने ब्याऐंशी पूर्ण केली होती. आपल्या भाषेत सांगायचं तर वाळवंट, जंगल, बर्फ, सगळीकडे पोस्टिंग करून आलेला माणूस, आणि दर ठिकाणी तिथली बोली शिकून घेतलेला.

माइल्स डेव्हिसकडचा एक किस्सा मॅकलॉफलिनने अनेकदा सांगितला आहे. न्यूयॉर्कमध्ये पाऊल ठेवून दोनच दिवस झाले होते, आणि त्याला स्टुडिओत बोलावणं आलं. समोर त्याचं दैवत. 'इन अ सायलेंट वे'ची धून वाजवायची होती. मनासारखं होईना, तेव्हा माइल्सने त्याला सांगितलं की गिटार वाजवता येतच नाही असं समजून वाजव. मॅकलॉफलिनने सगळी जडजंबाल स्वरजुळणी सोडून दिली, एकच साधा सूर धरला, आणि हळूहळू, जवळजवळ चाचपडत धून वाजवली. रेकॉर्डवर तेच राहिलं. आजही ऐका. एका मोठ्या कारागिराने आपलं सगळं कसब दाराबाहेर ठेवलं आहे आणि तरीही प्रत्येक स्वर जागेवर पडतो आहे.

नवख्याला हे सांगून उपयोग नाही. 'येत नाही असं समजून वाजव' हे ज्याला खरोखर येतं त्यालाच सांगता येतं. ज्याला येत नाही त्याने तसं वाजवलं तर ते फक्त वाईट वाजेल. उपजेची पहिली अट ही, की टाकून द्यायला तुमच्याकडे आधी पुष्कळ असलं पाहिजे.

दुसरी अट महाविष्णू ऑर्केस्ट्रात दिसते. ड्रमवर बिली कॉबम, व्हायोलिनवर जेरी गुडमन, कीबोर्डवर यान हॅमर, बेसवर रिक लेर्ड. १९७३ च्या 'बर्ड्स ऑफ फायर' या त्यांच्या रेकॉर्डचं शीर्षकगीत अठरा मात्रांच्या चक्रात आहे. पाश्चात्त्य श्रोत्याला चारच्या पट्टीची सवय, त्यामुळे तो गोंधळतो. आपल्याला रूपकचे सात आणि झपतालाचे दहा लहानपणापासून कानावर पडलेले, त्यामुळे आपण तितके बावरत नाही. पण मुद्दा गणिताचा नाही. अठरा मात्रा मनात मोजत बसलेला माणूस उपज घेऊच शकत नाही, कारण त्याचं सगळं डोकं मोजण्यात गुंतलेलं असतं. मोजणं हाडात उतरलेलं असलं पाहिजे.

आपल्याकडे डोळे बांधून शस्त्र खोलायला आणि जोडायला लावतात. कॅडेट असताना याचा वैताग येतो. उजेड असताना आंधळेपणाने हे का करायचं? कारण रात्री, पावसात, गोळीबार चालू असताना हात आपोआप चालले तरच डोकं समोरच्या माणसांकडे लक्ष द्यायला मोकळं राहतं. ड्रिलमुळे माणूस यंत्र होतो असं जे बाहेरचे लोक म्हणतात, त्यांना हा हिशेब कळलेला नसतो. हाताला यंत्र करायचं ते डोक्याला यंत्र होण्यापासून वाचवण्यासाठी. कॉबम आणि मॅकलॉफलिन एकमेकांच्या अंगावर धावून जातात आणि दोघंही नेमके समेवर एकत्र येतात, तेव्हा मला तो पट्टी बांधलेला कॅडेट आठवतो.

तिसरी गोष्ट वाद्याची. भारतीय संगीत वाजवायला बसल्यावर मॅकलॉफलिनच्या लक्षात आलं की त्याचं हत्यार अपुरं आहे. गिटारच्या मानेवर धातूच्या पट्ट्या ठोकलेल्या असतात. स्वर त्या पट्ट्यांवर बसतो, दोन स्वरांमधला प्रवास नीट दाखवता येत नाही. आपलं संगीत तर त्या प्रवासातच राहतं, मींडेत आणि गमकात. यावर जुगाड करता आला असता. साध्या गिटारवर तार ओढून थोडीफार मींड काढता येते, आणि ऐकणाऱ्यांतले निम्मे टाळ्याही वाजवतात. त्याने तसं केलं नाही. गिब्सन कंपनीच्या कारागिराकडून, एब्राहम वेक्टरकडून, त्याने खास गिटार बनवून घेतली. पट्ट्यांमधलं लाकूड खोलगट कोरलं, म्हणजे बोट तारेला लांबवर ओढू आणि दाबू शकेल. मुख्य तारांच्या खालून तिरक्या सात जादा तारा नेल्या, सतारीच्या तरफेसारख्या, ज्या गुंजत राहतात. वाद्य बदललं तसं स्वतःलाही बदललं. अमेरिकेत वेस्लियन विद्यापीठात डॉ. एस. रामनाथन यांच्याकडे तो वीणा शिकला. जगभर नाव झालेला गिटारवादक पुन्हा विद्यार्थी होऊन सरळीवरशांपासून चालणाऱ्या परंपरेसमोर बसला. कोन्नकोल म्हणजे तोंडाने बोल म्हणण्याची कर्नाटक पद्धत. तीही त्याने इतकी घोटली की पुढे घटमवादक विनायकराम यांचा मुलगा सेल्वागणेश याच्याबरोबर ती शिकवणारी डीव्हीडी काढली.

आता मला चौकीवर जाऊ द्या, कारण या सगळ्याचा माझ्या धंद्याशी काय संबंध हे तिथे कळतं.

उत्तरेतल्या एका उंच चौकीवर हिवाळ्यात बुखारीची धुराची नळी गळायला लागली. नवी नळी खालून यायला चार दिवस लागणार होते. एका हुशार जवानाने रिकाम्या डब्यांचे पत्रे गुंडाळून जोड दिला आणि थंडी आत येऊ नये म्हणून बंकरची फटही बुजवली. सगळ्यांनी पाठ थोपटली. त्या रात्री दोन जण झोपेतच बेशुद्ध पडले. सेंट्री बदलायला उठलेल्याने दार उघडलं आणि त्यांना बाहेर ओढलं, म्हणून ते वाचले. त्या जवानाची बुद्धी तल्लख होती, हातात कसब होतं. कोंडलेल्या जागेत केरोसीन जळल्यावर कोणता वायू तयार होतो आणि तो का वास देत नाही, एवढं मात्र त्याला कोणी शिकवलेलं नव्हतं. जुगाड असा असतो. तो बहुतेक वेळा चालून जातो, आणि म्हणूनच धोक्याचा.

दुसरा प्रसंग त्याच भागातला, उन्हाळ्यातला. रात्रीची गस्त निघाली होती. ठरलेल्या वाटेवरचा लाकडी पूल नाल्याने नेला होता. गस्तीचा हवालदार थांबला, दोन मिनिटं नाल्याचा आवाज ऐकला, आणि सरळ वरच्या अंगाला वळला. पाऊण तासात गस्त पलीकडे होती, ठरलेल्या वेळेच्या आत. नंतर कोणीतरी म्हणालं, काय सुचलं हो तुम्हाला! सुचलं नव्हतंच. त्याआधीच्या महिन्यात सुटीच्या वेळी तो तिन्ही नाले उगमाकडे चालून आला होता, कोणीही सांगितलेलं नसताना. पाण्याच्या आवाजावरून खोली ओळखायला तो गावाकडे शिकला होता. त्या रात्री त्याने फक्त आपल्या साठ्यातलं योग्य ते बाहेर काढलं. मॅकलॉफलिन तेच करतो. ही उपज.

यावर कोणी म्हणेल की मग सगळी तयारीच आली, साहस कुठे गेलं? साहस ऐकण्यात आहे. शक्तीची गंमत इथे सुरू होते.

शक्तीच्या मैफलीत दोन वादक समोरासमोर येतात तेव्हा पुष्कळदा कर्नाटक पद्धतीचा 'कुरैप्पु' चालतो. आधी एकाने लांब आवर्तन वाजवायचं, दुसऱ्याने तेवढंच उत्तर द्यायचं. मग निम्मं. मग त्याच्या निम्मं. मग चार मात्रा, दोन, एक. शेवटी दोघे एकत्र येऊन तिहाई घेऊन समेवर पडतात. आपल्याकडच्या माणसाला हे परकं वाटायचं कारण नाही. तमाशाच्या फडातले सवाल-जवाब आणि तबला-सतारीची जुगलबंदी याच जातीच्या. उत्तर देणाऱ्याला पाठ केलेलं वाजवता येत नाही, कारण प्रश्न काय येणार हे त्याला माहीत नसतं. प्रश्न ऐकता ऐकता उत्तर तयार करायचं, आणि उत्तर देता देता पुढचा प्रश्न पेरायचा. मॅकलॉफलिन इथे जे करतो ते मला फार मोठं वाटतं. एल. शंकरने टाकलेली ओळ तो बहुतेकदा तशीच परत करत नाही. तिचं शेपूट पकडतो, उलटं करतो, भलत्याच मात्रेवरून सुरू करतो, आणि तरी जागेवर पोचतो. झाकीरभाईंचा तबला मध्येच त्याला धक्का देतो, आणि त्या धक्क्याचं तो पुढच्या ओळीत काहीतरी करून दाखवतो. समोरच्याची चूक होते की काय असं वाटावं, तर तो ती आपल्या ओळीत ओढून घेऊन तिला मुद्दाम केल्यासारखी दिसायला लावतो. हे औदार्य आहे. अहंकारी वादकाला ते जमत नाही.

रेडिओवर बोलायची आपली शिस्त यापेक्षा फार वेगळी नाही. एका वेळी एकच बोलतो, बाकीचे ऐकतात, आणि जो बोलतो तो थोडक्यात बोलून जागा मोकळी करतो. कठीण प्रसंगी कंपनी कमांडर किती चांगला आहे हे तो काय बोलतो यावरून कमी, आणि नेटवरची घाबरलेली, तुटक वाक्यं ऐकून तो काय समजतो यावरून जास्त कळतं. इम्प्रोव्हायझेशनचा निम्मा भाग कान आहे.

आणि थोडा विनोदही. ५ डिसेंबर १९८० ला सॅन फ्रान्सिस्कोमध्ये मॅकलॉफलिन, पाको दे लुसिया आणि अल दी मिओला या तिघांनी साध्या गिटारींवर केलेली मैफल रेकॉर्डवर आहे. त्यात मॅकलॉफलिन आणि दी मिओला एका गंभीर रचनेच्या मध्यात असताना, वेग टोकाला पोचलेला असताना, अचानक 'पिंक पँथर'ची धून वाजवतात. प्रेक्षक खो-खो हसतात. मग दोघं पुन्हा मूळ रस्त्यावर. आपला कीर्तनकार उत्तररंगात आख्यान रंगलेलं असताना मध्येच गावातल्या पाटलाला चिमटा काढतो आणि पुन्हा अभंगावर येतो, तसं. ज्याला परत यायची वाट पक्की माहीत आहे त्यालाच असं भटकणं परवडतं.

आता त्याच्याविषयीच्या तक्रारी. कौतुक करायचं तर त्या लपवून करू नये.

पहिली, वेग. महाविष्णूच्या काळातलं पुष्कळ वादन मला दमवतं. एका श्वासात इतके स्वर की त्यातला एकही लक्षात राहत नाही, आणि आवाज असा की आर्टिलरीच्या रेंजवर बसल्यासारखं वाटतं. सगळा दारूगोळा पहिल्याच दहा मिनिटांत उडवणारा बॅटरी कमांडर मी पाहिलेला आहे, आणि त्याचं कोणी कौतुक करत नाही. दुसरी, अलीकडच्या काळात तो पुष्कळदा गिटार सिंथेसायझर वाजवतो. त्यातून बासरी आणि सनई यांच्या मधला कुठला तरी आवाज निघतो. मला त्यात लाकूड आणि तार ऐकू येत नाही, आणि मी मनातल्या मनात ती जुनी तरफेची गिटार शोधत राहतो. पण शक्तीच्या पहिल्या रेकॉर्डवरची 'लोटस फीट' ही छोटी रचना ऐकली की पहिली तक्रार विरते. थोडेच स्वर, धीमी लय, आणि दोन स्वरांमध्ये भरपूर मोकळी जागा. वेग हा त्याचा निवड करण्याचा भाग आहे, नाइलाज नाही, हे तिथे कळतं.

तिसरी तक्रार आपल्याच लोकांकडून येते: फ्यूजन म्हणजे खिचडी. पुण्याच्या एका बुजुर्ग रसिकांनी मला हे ऐकवलं होतं. बऱ्याच फ्यूजनच्या बाबतीत त्यांचं म्हणणं मला मान्य आहे. मागे ड्रमचा ठेका, पुढे सतारीचे चार सूर, मधे धूर सोडणारं यंत्र. हा संगीतातला जुगाड. दोन्ही बाजूंचं थोडं थोडं येतं म्हणून ते एकत्र चिकटवायचं. शक्तीत प्रत्येक जण आपापल्या घरचा पक्का होता. १९९७ नंतर 'रिमेंबर शक्ती' या नावाने हा बँड पुन्हा उभा राहिला आणि शंकर महादेवन त्यात आले. चेंबूरला वाढलेला तमिळ घरातला हा मुलगा कर्नाटक संगीतात तयार झालेला, वीणा वाजवणारा, आणि श्रीनिवास खळे यांच्याकडे शिकलेला. खळेकाकांच्या चालींची वळणं ज्याच्या गळ्यात बसली आहेत त्याला मॅकलॉफलिनच्या अनपेक्षित वळणांची भीती का वाटावी? डिसेंबर २००० मध्ये मुंबईत झालेल्या मैफलींची 'सॅटर्डे नाइट इन बॉम्बे' ही रेकॉर्ड आहे. तिच्यात पंडित शिवकुमार शर्मांचा संतूरही आहे. कोणी कोणासाठी आपलं संगीत पातळ केलेलं नाही. खिचडीत तांदूळ आणि डाळ दोन्ही शिजून मऊ होतात. इथे प्रत्येक दाणा वेगळा लागतो.

दिल्लीत राहून मराठी माणसाने उपजेविषयी लिहायचं आणि बाजीरावांचं नाव काढायचं नाही, हे होणार नाही. मार्च १७३७. दोआबात मल्हारराव होळकरांना सादतखानाने मागे रेटलं होतं आणि मराठ्यांना चंबळेपार घालवलं अशी बढाई बादशहाकडे पोचवली होती. मोगली फौजा दक्षिणेकडे तोंड करून बसलेल्या. बाजीराव त्यांना बगल देऊन, मेवातच्या डोंगराळ मुलखातून लांब मजला मारत थेट दिल्लीपाशी आले. आज जिथे तालकटोरा स्टेडियम आहे, जिथे फेब्रुवारी २०२५ मध्ये ९८ वं मराठी साहित्य संमेलन भरलं, त्याच परिसरात त्यांचा तळ होता. राजधानी जाळायचा पहिला विचार होता. तिथे पोचल्यावर त्यांनी तो बदलला, कारण त्याने पुढच्या राजकारणाचा धागा तुटला असता. हे त्यांनीच चिमाजी अप्पांना पत्रात कळवलेलं आहे. चालून आलेली बादशाही फौज मोडली, मोठ्या फौजा जवळ येताहेत हे कळताच ते निघून गेले. हेतू एकच राहिला, बादशहाला आपली ताकद दाखवणं. त्या हेतूकडे जायची वाट मात्र जागेवर बदलली. घोडदळाच्या मजलांचा, चाऱ्यापाण्याचा, वाटांचा हिशेब हाडात उतरलेला नसता तर हे धाडस आत्महत्या ठरलं असतं.

म्हणून माझं म्हणणं असं. आपल्या प्रशिक्षणात आपण पाठांतराला गुण देतो आणि प्रत्यक्ष फील्डमध्ये जुगाडाला शाबासकी देतो. मधली जागा रिकामी राहते. तरुण अधिकाऱ्याला सँड मॉडेलवर एक उत्तर शिकवलं जातं, आणि ते उत्तर चाललं नाही की 'बघ काहीतरी' असं सांगितलं जातं. त्याऐवजी त्याला कमांडरचा हेतू पक्का सांगावा, मूलभूत गोष्टी डोळे बांधून करता येतील इतक्या घोटून घ्याव्यात, आणि मग सरावात मुद्दाम त्याच्या वाटेतला पूल काढून घ्यावा. पुन्हा पुन्हा, दर वेळी वेगळा. काय सुचलं यापेक्षा का सुचलं हे विचारावं. उत्तर देता आलं तर ती उपज. 'जमून गेलं सर' असं उत्तर आलं तर पाठ थोपटण्याआधी बुखारीची नळी तपासावी.

यासाठी सगळ्यांनी जॅझ ऐकावं असं मी म्हणणार नाही. ज्यांना ऐकायचं आहे त्यांच्यासाठी वाट सांगतो. आधी 'लोटस फीट'. मग 'अ हँडफुल ऑफ ब्यूटी' या १९७६ च्या रेकॉर्डची सुरुवात. तिथे वाद्यांच्या आधी तोंडाने बोल येतात, आपल्या कानाला ते लगेच धरता येतात. मग 'जॉय', शक्यतो वाहतुकीत अडकलेले असताना. महाविष्णू सगळ्यात शेवटी, आणि घरातली ज्येष्ठ मंडळी बाहेर गेलेली असताना. दिल्लीत असाल तर नेहरू पार्कातला जॅझ महोत्सव चुकवू नका. २०१५ मध्ये सफदरजंग एन्क्लेव्हमध्ये सुरू झालेल्या 'द पियानो मॅन'सारख्या क्लबने या शहरात गप्पा थांबवून वादन ऐकणारा श्रोता तयार केला आहे. 'इंडियन ओशन' हा बँड १९९० मध्ये याच शहरात उभा राहिला, आणि त्यातला सुस्मित सेनचा गिटार ऐकला तर लक्षात येईल की या वाद्याने आपली बोली शिकायची वाट दिल्लीतूनही जाते.

आणि जिवंत ऐका, हा माझा आग्रह आहे. यू. श्रीनिवास २०१४ मध्ये पंचेचाळिसाव्या वर्षी गेले. १५ डिसेंबर २०२४ ला झाकीरभाई गेले. जानेवारी २०२३ मध्ये शक्ती भारतात दौऱ्यावर आली होती, पन्नास वर्षांच्या वाटचालीनिमित्त. तेव्हा कोणाला वाटलं होतं की त्या तबल्याचं आणि त्या गिटारचं भांडण पुन्हा ऐकायला मिळणार नाही? रेकॉर्डमध्ये उत्तरं राहतात. प्रश्न येताना समोरच्याचा चेहरा कसा होतो, ते फक्त मैफलीत दिसतं.

दरवर्षी २९ जानेवारीला विजय चौकात बीटिंग रिट्रीट होतो. शेकडो वादक, एक पाऊल, एक सूर, एकही स्वर इकडचा तिकडे नाही. ते पाहताना माझी मान ताठ होते आणि होतच राहील. पण त्या रांगेतल्या एखाद्या क्लॅरिनेटवाल्याला संध्याकाळी बराकीत गाठा आणि 'आता तुमच्या मनाचं काही वाजवा' असं म्हणा. मी एकदा म्हटलं होतं. त्याने आधी इकडेतिकडे पाहिलं, मग अर्धा तास भीमपलास वाजवला. ती बोटं सकाळच्या शिस्तीतच तयार झाली होती.